ताई आपल्या, संघ त्यांचा

२४ ऑगस्ट २०१८. जकार्ता आशियाई स्पर्धा, महिला कबड्डीची अंतिम लढत. इराण २७, भारत २४. २०१० आणि २०१४ ची दोन्ही सुवर्णपदकं आपली, पण तिसरं हातातून गेलं. आदल्याच दिवशी पुरुषांचा संघही उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला होता. १९९० पासूनची सलग सात सुवर्णं तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर आणखी एक धक्का. इराणच्या मुलींना तयार करणाऱ्या बाई कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!

आमचं गंगाखेड गोदाकाठचं आणि नाशिकही गोदाकाठचंच. त्यामुळे "आपल्याच बाईने घात केला" म्हणणारे इथेही भेटले आणि "वाघीण आहे" म्हणणारेही. मला या वादापेक्षा त्या बाईंनी तिथे काय केलं, यात जास्त रस होता.

शैलजाताईंनी कितीतरी वर्षं नाशिकमध्ये मुली घडवल्या. भारतीय संघाला शिकवायची इच्छा होती, ती संधी मिळाली नाही, असं त्यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं. इराणकडून बोलावणं आलं आणि त्या गेल्या. भाषा येत नव्हती, म्हणून फारसी शिकल्या. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. कबड्डीत दमाला किती किंमत आहे हे मी सांगायला नको, नावातच दम घुमतो! डोक्यावर रुमाल बांधून खेळणाऱ्या त्या मुली काही नवख्या नव्हत्या. २०१४ च्या अंतिम सामन्यात त्या भारताकडून ३१-२१ अशा हरल्या होत्या. ताकद होतीच, हवा होता तो धीर.

धीर म्हणजे काय ते या सामन्यात दिसलं. मध्यंतराला भारत पुढे होता. अशा वेळी मागे पडलेला संघ घाई करतो, एकेकटा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून नसतं धाडस करतो आणि पकडला जातो. इराणच्या मुलींनी तसं होऊ दिलं नाही. साखळी न तोडता पकडी केल्या, उत्तरार्धात आघाडी घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. कबड्डीत बाद झालेला गडी दुसऱ्याने मिळवलेल्या गुणावर जिवंत होतो. इतका परस्परांवर अवलंबून असलेला खेळ दुसरा क्वचितच असेल. हे शिकवता येतं, फक्त शिकवणाऱ्याला वेळ द्यावा लागतो.

बाहेरच्या देशाला शिकवणं म्हणजे द्रोह का? आइस हॉकीतलं एक उदाहरण आठवतं. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये हर्ब ब्रूक्स यांच्या कॉलेजकुमारांच्या अमेरिकन संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं. काही दिवस आधीच त्यांनी त्याच संघाकडून १०-३ असा मार खाल्ला होता. याच ब्रूक्स यांनी १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सचा संघ सांभाळला. विद्येला पासपोर्ट लागत नाही, हेच खरं.

आणि इतिहास पाहिला तर आपणच हा खेळ बाहेर न्यायला निघालो होतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डीची प्रात्यक्षिकं केली. जगाने हुतुतू शिकावा म्हणून धडपडायचं, आणि जग शिकून जिंकलं की रुसायचं? हे काही बरं नाही.

२०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या मुलींनी सुवर्ण परत मिळवलं. अंतिम सामन्यात चायनीज तैपेईवर २६-२५ असा निसटता विजय. एका गुणाचा! पुरुषांनीही इराणला ३३-२९ हरवून पदक आणलं. म्हणजे आता कुणी आयतं सोनं देत नाही. मला यात खेळाचं भलं दिसतं.

प्रश्न उरतो तो इतकाच, की आपल्या तालुक्यातालुक्यांत मातीच्या मैदानावर मुलींना चढाई शिकवणारी माणसं आपल्याला दिसतात कधी? ती दुसऱ्याच्या बाकावर बसून जिंकल्यावर?

असो. त्या २७ गुणांत नाशिकचाही वाटा होता. हरलेल्या सामन्याचा एवढा अभिमान वाटायला हरकत नसावी.