विषम पत्त्याचा माग

चालू प्रोग्रॅम थांबवण्यासाठी आपण कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबतो, तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या प्रोग्रॅमला २ क्रमांकाचा सिग्नल देतो. सिग्नल आल्यावर काय करायचं हे प्रोग्रॅमने कर्नलला आधीच सांगून ठेवता येतं. त्यासाठी जे फंक्शन चालवायचं त्याचा मेमरीतला पत्ता द्यायचा. पत्त्याच्या जागी ० दिलं, तर नेहमीचा परिणाम होतो, म्हणजे बहुधा प्रोग्रॅम संपतो. १ दिलं, तर सिग्नलकडे दुर्लक्ष होतं. लिनक्सच्या हेडर फाइलमध्ये हा १ आजही लिहिलेला आहे. तो १ च का, हे मात्र लिनक्सच्या कोडमधून कळत नाही. त्यासाठी लिनक्सने ज्याचा नमुना घेतला त्या युनिक्सच्या, बेल लॅब्जमधल्या १९७१ ते १९७५ या काळातल्या कागदांकडे जावं लागतं.

युनिक्सच्या जन्माविषयी आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. आपल्याकडे इतिहासकार राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्रांना वरचं स्थान दिलं. इथेही तोच नियम लावायला हवा, कारण सुदैवाने अस्सल कागद शिल्लक आहेत. पहिला कागद म्हणजे ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेलं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स मॅन्युअल. दुसरा, जून १९७२ मधल्या एका अंतर्गत दस्तऐवजातलं कर्नलचं असेंब्ली लिस्टिंग. ते स्कॅन करून, पुन्हा टाइप करून २००८ मध्ये काही अभ्यासकांनी चालूही करून दाखवलं. तिसरा, १९७५ च्या सहाव्या आवृत्तीचा संपूर्ण सोर्स कोड. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी त्यातल्या कर्नलवर ओळीओळीची टीका लिहिली. पुढे बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टीच्या परवान्याने सोर्स वर्गात शिकवायला बंदी आली आणि ही टीका झेरॉक्सच्या प्रतींतून हातोहात फिरत राहिली. ती उघडपणे छापली गेली १९९६ मध्ये.

१९७१ च्या मॅन्युअलमध्ये सिग्नल नावाचा कॉलच नाही. तेव्हा कंट्रोल-सीचं काम करणाऱ्या डिलीट बटणासाठी ‘इंटर’, क्विटसाठी वेगळा कॉल, अवैध सूचनेसाठी तिसरा, ईएमटी या सूचनेसाठी चौथा, असा सुटासुटा कारभार आहे. ‘इंटर’च्या पानावर लिहिलंय की ० दिलं तर दुर्लक्ष, १ दिलं तर नेहमीचा परिणाम, आणि प्रोग्रॅममधला पत्ता दिला तर तिथे उडी. आजच्या नेमकं उलट! हे वाचून प्रथम छपाईची चूक वाटते, पण ती चूक नाही. तेव्हा ० आणि १ या आकड्यांना यंत्राकडून काही अर्थच मिळत नव्हता, त्यामुळे कोणता कशासाठी वापरायचा हे मर्जीवर होतं.

याचा पुरावा १९७२ च्या लिस्टिंगमध्ये सापडतो. ते कर्नल पीडीपी-११/२० वर चालत होतं. त्या यंत्रात मेमरीचं विभाजन करणारं हार्डवेअर नव्हतं. खाली कर्नल, आणि वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम अष्टमान ४०००० पासून, म्हणजे आपल्या मोजणीत १६३८४ पासून पुढे. डिलीट दाबलं गेलं की कर्नल साठवलेल्या आकड्याची तुलना या सीमेशी करतं. आकडा सीमेच्या खालचा असेल तर तो वापरणाऱ्याचा पत्ता असूच शकत नाही, वर असेल तर तिथे उडी. सम-विषमाचा इथे संबंध नाही.

सहाव्या आवृत्तीत, पीडीपी-११/४० वर, चित्र बदललेलं दिसतं. मेमरी व्यवस्थापनाचं हार्डवेअर आलं आणि प्रत्येक प्रोग्रॅमचे पत्ते शून्यापासून सुरू होऊ लागले. जुनी सीमारेषा त्याबरोबर निकामी झाली. मग कोणता आकडा फंक्शनचा पत्ता कधीच नसतो? पीडीपी-११ ची प्रत्येक सूचना १६ बिटांच्या शब्दांची असते आणि ती सम पत्त्यावरच असावी लागते. विषम पत्त्यावरून सूचना उचलायला गेलं तर प्रोसेसर तिथेच अडतो. म्हणजे सगळे विषम आकडे मोकळे! सहाव्या आवृत्तीचं मॅन्युअल १ चं नावही घेत नाही. पत्ता विषम असेल तर दुर्लक्ष, एवढंच सांगतं. कर्नलही फक्त शेवटचा बिट तपासतं. शून्य सम आहे, पण ती प्रोग्रॅमची सुरुवात, तिथे सिग्नलचं फंक्शन कोण ठेवणार? म्हणून ते ‘नेहमीचा परिणाम’ या अर्थासाठी राहिलं असावं. हे शेवटचं वाक्य माझा तर्क आहे, बाकीचं कागदावर आहे. अदलाबदल कधी झाली तेही ठरवता येतं. सुटे कॉल जाऊन एकच सिग्नल कॉल आला तो नोव्हेंबर १९७३ च्या चौथ्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये.

सहाव्या आवृत्तीत सिग्नल पोहोचवणारं फंक्शन जेमतेम काही ओळींचं आहे, आणि ते मी जितक्यांदा वाचतो तितकं अधिक आवडतं. प्रोग्रॅमचा स्टॅक चार बाइट खाली सरकवायचा. तिथे प्रोसेसरची अवस्था सांगणारा शब्द आणि पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवायचा. मग सूचनेच्या पत्त्याच्या जागी फंक्शनचा पत्ता लिहायचा. झालं. इंटरप्ट आला की पीडीपी-११ चं हार्डवेअर हेच दोन शब्द याच क्रमाने स्टॅकवर ठेवतं. म्हणजे कर्नल प्रोग्रॅमपुढे खऱ्या इंटरप्टची हुबेहूब नक्कल उभी करतं. परत जायलाही कर्नलची गरज नाही. इंटरप्टमधून परतण्याची प्रोसेसरचीच सूचना पुरते.

या आटोपशीरपणाची किंमतही त्याच ओळींत आहे. फंक्शनकडे जाण्याआधी कर्नल साठवलेला पत्ता पुसून ० करतं. अवैध सूचना आणि ट्रेस हे दोनच सिग्नल त्याला अपवाद. फंक्शनने नोंद पुन्हा करण्याच्या आत डिलीट दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर प्रोग्रॅम मेलाच. शिवाय आलेल्या सिग्नलचा क्रमांक ठेवायला प्रत्येक प्रोसेसला एकच बाइट. दुसरा सिग्नल आला की पहिला पुसला जाई, फक्त ९ क्रमांकाचा ‘किल’ कोणाला पुसता येत नसे. फंक्शनचा पत्ता पुसला जाण्याचा दोष मुळातून दूर करणारी रचना युनिक्सच्या १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत आली.

यंत्राची आणखी एक खूण सिग्नलांच्या नावांत राहिली. ६ क्रमांकाचा आयओटी आणि ७ क्रमांकाचा ईएमटी ही पीडीपी-११ च्या सूचनांची नावं आहेत. इंटेलच्या प्रोसेसरवरच्या लिनक्सने ७ हा क्रमांक बस एररला दिला. एमआयपीएस प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये मात्र ७ म्हणजे आजही ईएमटी.

१९७० च्या दशकाच्या शेवटी युनिक्स व्हॅक्स या यंत्रावर गेलं. व्हॅक्सची सूचना कोणत्याही बाइटपासून सुरू होऊ शकते, इंटेलचीही तशीच. सम-विषमाचा आधार गेला, तरी तोवर लिहिलेले प्रोग्रॅम १ वर विसंबून होते. आजचं लिनक्स शेवटचा बिट तपासत नाही, आकडा बरोबर १ आहे का एवढंच पाहतं. विषम आकड्यांच्या त्या सबंध रांगेतला हा एकच आकडा वापरात उरला आहे.