पांढुर्णा-सौंसर : पोलीस नोंदी आणि गुन्हेनियंत्रण

मध्य प्रदेशच्या दक्षिण कडेला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला मराठीभाषक पट्टा. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. कापूस आणि संत्री ही इथली मुख्य पिके. कारभाराची भाषा हिंदी.

इथल्या नोंदींकडे वळण्याआधी थोडी पार्श्वभूमी. आकडेवारी समोर ठेवून पोलिसांनी बंदोबस्त आखण्याच्या पद्धतीचा ठळक आरंभ १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये मानला जातो. पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी गुन्हे नकाशावर मांडून विभागप्रमुखांना नियमित बैठकीत जाब विचारायला सुरुवात केली. ही पद्धत ‘कॉम्पस्टॅट’ नावाने ओळखली जाते. तिथे गुन्हे घटले, पण त्याचे श्रेय कोणाचे यावर एकमत नाही. आकडा कमी दिसावा म्हणून गुन्हा हलक्या कलमाखाली नोंदवला जातो, हा आक्षेपही तिथलाच.

भारतात ठाण्याचा रोजनामचा आणि गावनिहाय गुन्हे नोंदवही ही कॉम्पस्टॅटहून बरीच जुनी साधने होत. ठाणी संगणकाने जोडणारी ‘सीसीटीएनएस’ योजना २००९ साली मंजूर झाली. मध्य प्रदेशात ‘डायल १००’ ही सेवा १ नोव्हेंबर २०१५ रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिची जागा ‘डायल ११२’ने घेतली. बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय संगणकीय संग्रहावरून एका मृताची ओळख पटवणारे देशातील पहिले राज्यही मध्य प्रदेशच (एप्रिल २०२२). एकाच माणसाचे नाव महाराष्ट्रात मराठी वळणाने आणि मध्य प्रदेशात हिंदी वळणाने लिहिले जाते अशा मुलखात नावापेक्षा ठसा अधिक भरवशाचा.

गोटमार. या भागातील पोलीस बंदोबस्ताचा हा एक ठळक दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. झेंडा हाती आला की तो चंडीमातेला वाहतात. प्रथेमागे पळून जाणाऱ्या प्रेमी युगुलाची दंतकथा सांगतात. तिला लेखी आधार नाही.

जागा, वेळ, साधन आणि दोन्ही बाजू आधीच ठाऊक असाव्यात, असा हा विरळा प्रकार. गुन्ह्याचे भाकीत करणाऱ्या कोणत्याही संगणकाला इथे काम उरत नाही, आणि दगड तरीही थांबत नाही. जमावबंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. गोफणीवर बंदी, दारूची दुकाने बंद, ड्रोन, कॅमेरे, रुग्णवाहिका, उपचारकेंद्रे अशी तयारी ठरलेली. दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवण्याचा प्रयोगही प्रशासनाने केला. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. १९७८ आणि १९८७ साली पोलिसांनी गोळीबार केला होता. मृतांची यादी वृत्तपत्रे साधारणपणे १९५५ पासून देतात. तिच्यातील संख्येत एकवाक्यता नाही.

जखमींचा आकडा बहुधा शेकड्यांत असतो. तो येतो उपचारकेंद्रांतून, गुन्ह्यांच्या नोंदवहीतून नव्हे. मलमपट्टीची नोंद आणि दाखल गुन्हा यांत मोठे अंतर राहते, म्हणून गुन्हेविषयक वार्षिक अहवाल वाचून या दिवसाची कल्पना येणार नाही. आकडेवारीचा उपयोग झाला तो खाटा, डॉक्टर आणि शिपाई किती लागतील हे ठरवण्यासाठी. दगडफेक कमी करण्यात तिचा वाटा दाखवणे कठीण. तारखेवार तुलनाही फसवी ठरते. गोटमार २०२३ मध्ये १५ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ३ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २३ ऑगस्टला झाली. ऑगस्ट किंवा सप्टेंबरची मासिक बेरीज त्यानुसार फुगते वा ओसरते. तुलना करायची तर तिथीने करावी.

जिल्हा-विभाजन. २०२३ पूर्वी येथील गुन्हे छिंदवाड्याच्या बेरजेत धरले जात. विभाजनानंतर छिंदवाड्याचा आकडा उतरलेला दिसला, तर त्याला यश समजू नये. जुन्या-नव्या वर्षांचा मेळ ठाणेनिहाय घालावा लागतो. जिल्ह्याच्या एका ओळीवरून निष्कर्ष काढणाऱ्या बातम्या सावधपणे वाचाव्यात.

रस्ते व सीमा. पांढुर्णा हे इटारसी–नागपूर लोहमार्गावर आणि नागपूर–बैतूल महामार्गावर आहे. दुसऱ्या राज्यात शिरलेल्या वाहनाचा माग काढायचा तर दोन्हीकडच्या पोलिसांची जोड लागते. अपघातांच्या जागा संगणकावर नोंदवण्याच्या केंद्रीय योजनेच्या पहिल्या सहा राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंची अपघातप्रवण ठिकाणे एकाच पद्धतीने मांडता येतात.

सौंसर. नागपूर–छिंदवाडा मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. जवळच जामसावळीचे हनुमान मंदिर, तिथे मंगळवारी व शनिवारी गर्दीचा बंदोबस्त.