भागवंती कुठल्या रकान्यात?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाईडनी मला 'हम लोग' या दूरदर्शन मालिकेवरचे जुने अभ्यास वाचायला दिले आणि सांगितलं, "पात्रांचा एक तक्ता करून आण." मी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करून आलेली, त्यामुळे तक्ता अर्ध्या तासात तयार झाला. तो चुकला कुठे हे कळायला मात्र सहा महिने लागले. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ही चूक तुमच्याही कामाला येईल.

आधी थोडा इतिहास. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात लोकशिक्षणासाठी मालिका रचायची एक पद्धत बसवली. त्यांची १९७७-७८ मधली 'आकोंपान्यामे' कुटुंबनियोजनावर होती. पद्धत अशी: काही पात्रं संदेशाच्या बाजूची, काही विरुद्ध बाजूची, आणि काही मधली, हळूहळू बदलत जाणारी. आपले वसंत साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला जाऊन आले आणि ही कल्पना इकडे आली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' जुलै १९८४ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे १५६ भाग झाले. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश जरा जास्तच होता, तो लोकांना रुचला नाही. साधारण १३ भागांनंतर उपदेश मागे सरला आणि घर पुढे आलं.

मालिका खरी जमली ती तिथे. दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम, त्याची बायको भागवंती, सासू-सासरे, दोन मुलगे आणि तीन मुली. बडकी समाजकार्याकडे वळते, मझलीला सिनेमात जायचंय, छुटकीला डॉक्टर व्हायचंय. एकाच घरातल्या, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या तीन मुली, पण लेखकाने तिघींना आपापली इच्छा दिली आणि त्या इच्छेची किंमतही मोजायला लावली. मझलीची तर चांगलीच फसगत होते. तरी तिला वाईट मुलगी म्हणून निकालात काढावंसं वाटत नाही.

आता भागवंतीकडे या. पीसीआर केलेल्यांना निगेटिव्ह कंट्रोल माहीत असेल. त्या नळीत डीएनए घातलेलाच नसतो, त्यामुळे तिथे बँड दिसता कामा नये. दिसला तर भेसळ झाली समजायचं आणि सगळं पुन्हा करायचं. काटेकोर अर्थाने नाही, पण मालिकेत भागवंतीची जागा साधारण तशीच होती. सगळं मुकाट्याने सोसणारी बायको, म्हणजे 'असं वागू नका' याचं उदाहरण. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोधही समजावून सांगत.

मालिका संपल्यावर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी दिल्ली परिसर, पुणे आणि मद्रास इथल्या १,१७० लोकांची पाहणी केली. त्यात दिसलं की बऱ्याच प्रेक्षकांनी, विशेषतः बायकांनी, भागवंतीलाच आदर्श मानलं होतं. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये ठळक बँड!

माझ्या तक्त्यात मी शेरा मारला: 'प्रेक्षकांचा गैरसमज.' आणि पुढच्या ओळीकडे वळले.

सहा महिन्यांनी घरी गेले होते. आई मेथी निवडत होती. चौदाव्या वर्षी तिने ही मालिका शेजाऱ्यांकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पाहिली होती. मी सहज विचारलं, "भागवंती निगेटिव्हच ना गं?"

"निगेटिव्ह काय त्यात?" आई म्हणाली. "तुझी आजी वेगळं काय करत होती? भांडून पोरांना घेऊन जाणार कुठे होती ती?" मग जुडी बाजूला ठेवत म्हणाली, "आणि ते बघितलं म्हणून तर मी नोकरी सोडली नाही."

मी गप्प. एकच प्रेक्षक, एकच पात्र आणि दोन्ही रकाने भरलेले. आई भागवंतीचा मान राखत होती आणि तिच्यासारखं जगायचं नाही हेही तिने ठरवलं होतं. मी मात्र 'गैरसमज' असं लिहून आजीलाच चुकीचं ठरवून मोकळी झाले होते.

भागवंतीला फक्त धडा म्हणून लिहिलं असतं तर हे झालं नसतं. तिला घर दिलं, नवरा, सासू, मुली आणि रोजची कामं दिली. मग जिच्या घरात तेच चालू होतं, तिला त्या गप्प बसण्यातली मेहनतही दिसली. चांगलं लिहिलेलं पात्र लेखकाने ठरवलेल्या जागी बसून राहत नाही.

तेव्हा प्रश्नावली करताना 'कोण आवडलं?' याच्या खाली 'का?' साठी मोकळी जागा ठेवा. दोन कोडर एकाच पात्राबद्दल वेगळं म्हणत असतील तर घाईने सरासरी काढू नका, दोघांनाही कारण विचारा. आणि पीसीआरमध्ये अनपेक्षित बँड दिसला तर जेल जरूर फेका, पण प्रेक्षकाचं उत्तर अनपेक्षित आलं म्हणून ते फेकू नका.

माझ्या तक्त्यात भागवंतीची ओळ आता दोन्ही रकान्यांत आहे. 'गैरसमज' खोडलाय, पण खोडलेला शब्द दिसेल असाच ठेवलाय.