हुसेन यांची 'ग्रामयात्रा'

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला. ते तान्हे असतानाच आई निवर्तली. तिचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही. पुढचे बालपण इंदूरचे, म्हणजे शहरातले. मग १९५४च्या 'ग्रामयात्रा'मधले खेडे आले कोठून?

सुमारे चौदा फूट लांबीच्या या चित्रात तेरा प्रसंग आहेत. बायका दळतात, दूध काढतात, मुले सांभाळतात. एकटा उभा असलेला पुरुष शेतकरी आहे. त्याचा हात शेजारच्या चौकटीतील शेताला आधार देतो. बाकी गाव स्त्रियाच चालवतात. याला नेहरूयुगातील राष्ट्रवादाचे चित्र म्हणून समीक्षक मोकळे होतात. मला ते अपुरे वाटते. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई, परंपरा सांगते त्याप्रमाणे, पोरवयातच पंढरपुरी नामदेवांच्या घरी आली आणि जात्यापाशी तिने विठोबाची विठाबाई केली. हुसेन यांच्यावर तिचा प्रभाव होता असे म्हणायचे नाही. पण कष्टाच्या जागी आई शोधणे मराठी वाचकाला नवे नाही. (पुढे त्यांच्या मदर तेरेसाही बिनचेहऱ्याच्याच राहिल्या.)

२०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या चित्राला १.३८ कोटी डॉलर मिळाले. त्याआधी कित्येक दशके ते ऑस्लोच्या एका रुग्णालयाच्या भिंतीवर टांगलेले होते.