उरलेल्या लोकरीचा हिशेब

मोज्यांचा एक जोड विणून सुया मोकळ्या झाल्या की टोपलीत लोकरीचा एक लहानसा गुंडा हमखास उरतो. नेमकी किती लोकर लागेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. पाय लहान-मोठे असतात, एकीचा हात सैल तर दुसरीचा घट्ट असतो, आणि दुसऱ्या मोज्याच्या टाचेपाशी लोकर संपली तर दुकानात हुबेहूब तोच रंग पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो. स्वेटरचे एक वेळ निभावते, बाह्या आखूड करता येतात. मोज्याला ती सोय नाही. म्हणून आपल्या आज्या-पणज्या एखादी लडी जास्तच घेत, आणि प्रत्येक जोडामागे थोडी लोकर शिल्लक राही.

या शिल्लक लोकरीचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासाचा म्हणून कोणी विचारत नाही. आम्ही तो यंदा विचारायचे ठरवले, कारण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले जुने वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत आणि माळ्यावरच्या पेट्या रिकाम्या होत आहेत. पितळेची भांडी, तसबिरी, जुनी नाणी यांची विचारपूस होते. पेटीच्या तळाशी निघणारी रंगीबेरंगी चौकोनांची लोकरी चादर, काळे टोपडे, एकमेकांशी न जुळणारे बाळमोजे यांना मात्र कसर लागलेली असते, म्हणून ते थेट घराबाहेर जातात.

सुरुवात फार मागे जाऊन करावी लागेल. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लहान मुलाच्या डाव्या पायाचा एक मोजा आहे. इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस या प्राचीन शहराच्या उत्खननात 1913-14 च्या हंगामात तो सापडला, तोही उकिरड्यात. त्याचे वय सुमारे 1700 वर्षे. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटे एकत्र, म्हणजे वहाणेचा पट्टा मधोमध बसावा अशी त्याची रचना आहे, आणि त्यावर आडवे रंगीत पट्टे आहेत. 2018 साली त्या म्युझियमच्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्रकाशात त्याची छायाचित्रे घेऊन रंग तपासले, तेव्हा तांबडा, निळा आणि पिवळा अशा तीनच वनस्पतिजन्य रंगांतून सगळ्या छटा साधलेल्या दिसल्या.

हा मोजा आपल्या ओळखीच्या दोन किंवा चार सुयांवरचा नाही. त्या काळची ती रीत एकाच सुईची होती. तीत प्रत्येक टाक्यातून सगळाच्या सगळा धागा ओढून घ्यावा लागतो, म्हणून लांब धागा चालतच नाही. आखूड तुकडे घ्यायचे आणि एकाला एक जोडत काम पुढे न्यायचे. अशा रीतीला उरलेल्या तुकड्यांचे वावडे कसे असेल? शिवाय पाय लहान मुलाचा. प्रत्येक पट्ट्याला लोकर लागणार ती चिमूटभर. विणणारीच्या नजरेने पाहणाऱ्याला त्या पट्ट्यांत आधी टोपलीच दिसते.

आपल्याकडे लोकर नवी नव्हती. धनगरांची घोंगडी कितीतरी जुनी. पण ती मागावरची. 'विणणे' हे एकच क्रियापद आपण मागाला, बाजेला आणि सुयांना सारखेच वापरतो, त्यामुळे सुयांवरचे विणकामही तितकेच जुने असावे असा आपला समज होतो. 'मोजा' हा शब्दसुद्धा फारसीतून आलेला, आणि तिकडे त्याचा अर्थ बूट. सुयांवरचा लोकरी मोजा आपल्या घरांत आला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अंमल आणि मिशनच्या मुलींच्या शाळा यांच्या वाटेने. त्या शाळांत अक्षरओळखीबरोबर शिवण आणि विणकामही शिकवीत.

ही पाहुणी कला कशी रुजते याचे सर्वांत चांगले उदाहरण हिमालयातल्या लाहौलचे आहे. तिथे केलाँगला 1850 च्या दशकात मोरावियन मिशनचे लोक येऊन राहिले. त्यांच्यापैकी मारिया हाइडे यांनी तिथल्या बायकांना मोजे विणायला शिकवले. बायकांनी त्यात आपले रंग आणि आपली नक्षी घातली, आणि 2021 मध्ये लाहौली मोज्यांना व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नक्षीच्या अशा पट्ट्यात एकेक रंग थोडाथोडाच लागतो, हे विणणाऱ्या वाचकांना सांगायला नको. लाहौलइतकी थंडी आपल्याकडे नाही, पण पुण्या-मुंबईहून डिसेंबरात ग्वाल्हेरला सून म्हणून आलेल्या मुलीला विचारा. इथे लोकर ही हौस नव्हती, गरज होती. कानपूरच्या 'लाल इमली'ची गिरणी 1876 ची, पंजाबातली धारीवालची 1880 ची. दोन्ही आपल्याला मुंबईपेक्षा फार दूर नाहीत.

मोज्याला इतिहासात जागा मिळाली ती युद्धाने. 1914 च्या शरद ऋतूत ब्रिटनची राणी मेरी हिने देशातल्या बायकांना आवाहन केले: सैनिकांसाठी 3,00,000 मोज्यांचे जोड आणि तेवढेच लोकरी पट्टे हवेत. ही मागणी युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांची होती, म्हणजे 1909 पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले तेच किचनर. खंदकातल्या चिखलपाण्यात दिवसचे दिवस उभे राहून सैनिकांचे पाय सडत, आणि कोरडा मोजा बदलायला मिळणे हा त्यावरचा एक खरा उपाय होता. मोज्याच्या चवड्याची शिवण बोटांना टोचू नये म्हणून टाके एकमेकांत गुंफून बंद करण्याची एक पद्धत आहे. ती आजही किचनरच्या नावाने ओळखली जाते. किचनर साहेब स्वतः सुया घेऊन बसले असतील असे आम्हाला तरी वाटत नाही.

त्याच वर्षी आपल्या माधवराव शिंदे सरकारांच्या पुढाकाराने 'लॉयल्टी' हे इस्पितळ-जहाज सज्ज झाले. युद्धानंतर ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आले आणि 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या तारखेला आज राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. जहाजाला तारीख मिळाली. मोज्यांचे जोड मोजले गेले, विणणाऱ्या बायकांची नावे मात्र फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि उरलेल्या लोकरीचा तर प्रश्नच नव्हता.

उरलेल्या लोकरीला सरकारी किंमत आली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. माणशी वर्षाला 66 कुपने, आणि विणायच्या दोन औंस लोकरीला त्यांतले एक. 1943 साली तिथल्या व्यापार खात्याने जुने कपडे नीट करून वापरण्याविषयी एक पुस्तिकाच काढली. जुने विणलेले उसवून लोकर पुन्हा वापरा, असा सल्ला त्या वेळी सर्वत्र दिला जाई. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून, धुऊन, टांगून सरळ करायची. हे वाचताना आम्हाला हसू आले. आपल्या घरांत हे करायला कोणाच्या पुस्तिकेची वाट पाहिली नव्हती. लडी धरायला समोर बसवलेला नातू, त्याचे दोन्ही हात पुढे, आणि गुंडा करणारी आजी, हे चित्र आपल्यापैकी कोणाला अनोळखी आहे?

1962 च्या हिवाळ्याची आठवण मात्र वेगळी. चिनी आक्रमणाच्या वेळी हिमालयातल्या आपल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, ही गोष्ट बाहेर आली आणि देशभर बायकांनी सुया हाती घेतल्या. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरात दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, त्यामुळे मराठी घरांना ते युद्ध आणखी जवळचे वाटले. स्वेटर, मफलर, मोजे विणले गेले, गोळा करून पाठवले गेले. युद्ध महिन्याभरात थांबले. खाकी आणि हिरवट लोकरीचे गुंडे घरात राहिले, आणि पुढची काही वर्षे त्या रंगांच्या कानटोप्या मुलांच्या डोक्यावर दिसत राहिल्या.

आता घरातल्या व्यवहाराकडे. शिल्लक लोकरीचा पहिला हक्क त्याच मोज्याचा असे. मोजा आधी झिजतो तो टाचेला आणि चवड्याला, म्हणून रफूसाठी थोडी लोकर वेगळी गुंडाळून ठेवायची. काही जणी टाच आणि चवडा मुद्दाम दुसऱ्याच उरलेल्या रंगात विणत, म्हणजे झिजल्यावर तेवढाच भाग उसवून नवा घालता येई. शुद्ध लोकरीचे दोन तुकडे जोडायला गाठ लागत नसे. दोन्ही टोके थोडी पिंजायची, ओली करायची आणि तळहातांत जोराने चोळायची. तंतू एकमेकांत अडकून धागा अखंड होतो. पुढे कॅशमिलॉन आले, तेव्हा ही युक्ती बंद पडली. कृत्रिम धागा चोळून जुळत नाही, गाठच मारावी लागते. आजही हाती आलेली वस्तू लोकरीची की कृत्रिम धाग्याची हे उलट बाजूच्या गाठी मोजून बरेचसे ओळखता येते.

रफूनंतर जे राही ते खऱ्या अर्थाने तिचे. मोजे घरातल्या पुरुषांच्या पायांच्या मापाचे, मुलांच्या गणवेशाच्या रंगाचे, नाहीतर सरकारने मागितलेले. त्यांच्या लोकरीचे पैसे घरखर्चातून येत आणि त्यांचा हिशेब द्यावा लागे. उरलेल्या गुंड्याचा हिशेब कोणी मागत नसे. काय करायचे, कोणासाठी, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग लावायचा, हे ठरवायला तिला कोणाला विचारावे लागत नव्हते. जुन्या बायकांच्या आयुष्यात असे निर्णय किती होते हे आपण जाणतोच. म्हणूनच त्यांचा स्वभाव पाहायचा तर नीटनेटक्या करड्या मोज्यांपेक्षा त्या चौकोनांच्या चादरीत पाहावा, असे आमचे मत आहे. एखादी रंग काटेकोर मोजून लावते, एखादी जांभळ्याशेजारी बेधडक शेंदरी घालते.

रंगांचीही गंमत होती. मोज्यांची लोकर काळी, करडी, तपकिरी. ती बाळासाठी कोण वापरणार? पण आपल्याकडे संक्रांत आहे. वर्षभर अशुभ मानलेला काळा रंग त्या दिवशी चालतो, आणि पहिल्या संक्रांतीला बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात. काळी लोकर बोरन्हाणाच्या टोपड्यासाठी बाजूला पडे, त्याला कडेने पांढरी झालर. बाळंतविड्यातले मोजे आणि कुंचीचे गोंडेही बहुधा अशाच गुंड्यांतून निघत; जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्याशेजारी उरलेल्या लोकरीचे मोजे शोभूनच दिसत. आणि रुखवत? तिथली लोकरीची तोरणे, रुमाल, फुले पाहून पाहुणे वाहवा करत, आणि फुलाच्या मधला तो हिरवा ठिपका गेल्या वर्षीच्या शाळेच्या मोज्यांचा आहे हे फक्त घरच्यांना ठाऊक असे.

हे सगळे कसे मागे पडले ते सर्वांनी पाहिलेच आहे. लुधियान्याचा यंत्रावरचा माल स्वस्त झाला, दर हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागू लागली, मोजे तर नायलॉनचे आले आणि फाटले की टाकायचे झाले. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. रात्री दिव्याखाली डोळे फोडून मोजे विणणे ही काही सुखाची गोष्ट नव्हती.

पण म्युझियममधला तो इजिप्तचा मोजा उकिरड्यातून निघाला, त्याचे रंग कळले, आणि विणणारीचे नाव कधीच कळणार नाही. आपल्या पेट्यांतल्या वस्तूंची नावे अजून कोणाला तरी आठवतात. असे लोक आता ऐंशीच्या पुढचे आहेत. या वर्षी मंडळाच्या वाचनालयातले एक कपाट आम्ही या वस्तूंसाठी मोकळे केले आहे. ज्यांना देता येईल त्यांनी द्यावे, ज्यांना घरीच ठेवायचे आहे त्यांनी घरी ठेवावे. फक्त टाकण्यापूर्वी वस्तू दोन दिवस उन्हात घालावी, झटकावी, आणि सुती पट्टीवर पेन्सिलीने विणणारीचे नाव, माहेरचे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून ती पट्टी दोन टाक्यांनी उलट बाजूला शिवावी. टाचणी लावू नये. ती गंजते आणि लोकरीवर पडलेला तो डाग निघत नाही.