आवश्यकतांचा मागोवा (प्रणाली अभियांत्रिकी)

आवश्यकतांचा मागोवा ही प्रणाली अभियांत्रिकीतील एक कार्यपद्धती आहे. प्रत्येक आवश्यकता कोठून उद्भवली, आराखड्याच्या कोणत्या भागात उतरली आणि कोणत्या चाचणीने तिची पूर्तता सिद्ध झाली, याची सलग नोंद या पद्धतीत ठेवली जाते. विमाने, अंतराळयाने, वैद्यकीय उपकरणे यांसारख्या जीवितसुरक्षेशी निगडित प्रणालींत तिला विशेष महत्त्व आहे. विमानांतील सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी (२०११) या मानकात अशा नोंदी अपेक्षित आहेत.

स्वरूप

प्रत्येक आवश्यकतेस स्वतंत्र क्रमांक देऊन तिच्यासमोर संबंधित आराखडा, घटक व चाचणी यांचे क्रमांक तक्त्यात मांडतात. हा तक्ता दोन्ही दिशांनी वाचला जातो. आवश्यकतेकडून चाचणीकडे जाताना रिकामा रकाना आढळला, तर ती आवश्यकता तपासायची राहिली आहे, असे समजते. उलट दिशेने जाताना एखाद्या घटकामागे कोणतीच आवश्यकता सापडली नाही, तर तो घटक प्रणालीत का आहे, हा प्रश्न उपस्थित होतो. आवश्यकता बदलल्यास कोणते भाग पुन्हा तपासावे लागतील, हेही या तक्त्यावरून कळते.

एरियान ५ चे उदाहरण

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेले एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेले होते. त्यातील एक कार्य उड्डाणानंतरही काही काळ चालू राहत असे. एरियान ५ ला त्याची गरज नव्हती. नव्या रॉकेटचा क्षैतिज वेग अधिक असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. मुख्य व पर्यायी या दोन्ही यंत्रणांत तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे दोन्ही बंद पडल्या. चौकशी समितीच्या अहवालानुसार एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती या यंत्रणेच्या आवश्यकतांत समाविष्ट नव्हती. परिणामी त्या मार्गानुसार तिची चाचणीही झाली नव्हती. आवश्यकतेविना राहिलेले कार्य आणि नोंदीविना राहिलेली आवश्यकता, असे दोन्ही दोष येथे एकत्र आले.

मर्यादा

तक्ता पूर्ण भरलेला असला, तरी मूळ आवश्यकता योग्य होती, हे त्यातून सिद्ध होत नाही. प्रत्येक बदलाबरोबर तो अद्ययावत न केल्यास तो केवळ कागदोपत्री उरतो.