सहा रकान्यांची कादंबरी

मराठी विषयाची कोणतीही प्रश्नपत्रिका उघडा, कादंबरीवरचे प्रश्न ठरलेले असतात. अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा, आशयसूत्र स्पष्ट करा, भाषाशैलीची वैशिष्ट्ये सोदाहरण लिहा. उत्तराचे रकानेही ठरलेले: कथानक, स्वभावचित्रण, संवाद, वातावरण, भाषाशैली, जीवनदृष्टी. परीक्षेतून हे रकाने रविवारच्या पुरवणीतल्या पुस्तक-परीक्षणात जातात आणि तिथून वाचनालयातल्या गप्पांत. ते इतके अंगवळणी पडले आहेत की कादंबरी जन्मतःच सहा भागांची असते असे वाटावे. माग काढत मागे गेले की मात्र गंमत दिसते. यातले निम्मेअधिक रकाने कादंबरीसाठी तयारच झालेले नव्हते. ते नाटकाचे आहेत.

सर्वांत जुनी यादी ॲरिस्टॉटलची, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातली. 'पोएटिक्स'मध्ये त्याने शोकांतिकेची सहा अंगे सांगितली: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. क्रमालाही अर्थ होता. पहिला मान कथानकाला, स्वभाव दुसरा. माणूस कसा आहे यापेक्षा तो काय करतो, यावर शोकांतिका उभी राहते, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने 'दशरूपका'त नाट्यप्रकार वेगळे ओळखायच्या तीन खुणा दिल्या: वस्तू, नेता आणि रस. नेता चार प्रकारचा, धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. म्हणजे पात्राचा स्वभाव शोधून काढायचा नसे; तो कोणत्या कुळीचा ते ओळखायचे असे. आजही उत्तरपत्रिकेत 'नायक धीरोदात्त आहे' असे वाक्य सापडते, ते या वाटेने आलेले.

या दोन्ही याद्या रचणाऱ्यासाठी आणि पारखणाऱ्यासाठी होत्या. प्रेक्षकाने पात्राचे मन उकलत बसावे अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. ती सवय लागली फार नंतर, नाटक पाहण्यापेक्षा वाचण्याकडे कल वाढू लागला तेव्हा. 1777 साली मॉरिस मॉर्गन या इंग्रज लेखकाने शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफवर एक अख्खा निबंध लिहिला. रंगभूमीवर भित्रा म्हणून हसे होणारा हा लठ्ठ सरदार मुळात भित्रा नाहीच, असा त्याचा दावा. त्यासाठी त्याने नाटकात न दाखवलेले फॉल्स्टाफचे पूर्वायुष्यही तर्काने उभे केले. पात्राला नाटकाबाहेर आयुष्य असते, ही कल्पना इथे रुजली. सव्वाशे वर्षांनी, 1904 मध्ये, ए. सी. ब्रॅडली यांच्या 'शेक्सपिअरियन ट्रॅजेडी'त ती शिगेला पोचली. पुस्तकाच्या शेवटी ब्रॅडलींनी टिपा जोडल्या आहेत. त्यांतली एक हॅम्लेटचा बाप मेला तेव्हा हॅम्लेट होता कुठे, याचा छडा लावते. 1933 मध्ये एल. सी. नाइट्स यांनी या पद्धतीची टर उडवणारा निबंध लिहिला आणि त्याला शीर्षक दिले, लेडी मॅकबेथला मुले किती? पण तोवर उशीर झाला होता. पात्र म्हणजे जितेजागते माणूस आणि समीक्षक म्हणजे त्याच्या शेजारी राहणारा, हे नाते वर्गावर्गांत पक्के झाले होते. आपले 'स्वभावचित्र रेखाटा' या नात्याचेच अपत्य.

दरम्यान खुद्द कादंबरीकारांत एक वाद झडून गेला होता. 1884 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वॉल्टर बेझंट यांनी कादंबरीकलेवर व्याख्यान दिले. कादंबरी ही चित्रकलेसारखीच कला आहे, तिचे नियम आहेत आणि ते शिकवता येतात, असा त्याचा रोख. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हेन्री जेम्स यांनी 'लाँगमन्स मॅगझिन'मध्ये उत्तर दिले. कादंबरी कला आहे हे त्यांना मान्य; पण स्वभाव एका बाजूला आणि प्रसंग दुसऱ्या बाजूला असे वाटप त्यांना मान्य नव्हते. प्रसंगातूनच स्वभाव ठरतो आणि स्वभावातूनच प्रसंग निघतो, मग दोन रकाने पाडायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न. रकाने पाडणाऱ्यांना इतके नेमके उत्तर इतक्या लवकर मिळाले होते. ते वर्गापर्यंत पोचले नाही.

वर्गात पोचले ते दुसरेच पुस्तक. विल्यम हेन्री हडसन हे लंडन विद्यापीठाच्या विस्तार मंडळाचे व्याख्याते. विद्यापीठाच्या दारात पाऊल न ठेवलेल्या प्रौढांना साहित्य समजावून सांगणे हे त्यांचे काम. 1910 मध्ये त्यांचे 'ॲन इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ लिटरेचर' निघाले. त्यात कादंबरीचे सहा घटक दिले आहेत: कथानक, पात्रे, संवाद, स्थळकाळ, शैली आणि लेखकाची उघड वा सूचित जीवनदृष्टी. नवख्या वाचकाला हात धरून आत नेण्यासाठी केलेली ही सोपी मांडणी. भारतातल्या प्राध्यापकांना ती फारच सोयीची वाटली. काशी हिंदू विद्यापीठात हिंदीचे अध्यापन करणाऱ्या श्यामसुंदर दास यांच्या 1922 मधल्या 'साहित्यालोचन'ने ती हिंदीत आणली, आणि 'उपन्यास के तत्त्व' हा हिंदीच्या विद्यार्थ्याचा पाठांतराचा विषय होऊन बसला. मराठीतली यादी तिचीच बहीण शोभते. हडसनच्या सहांतले कथानक, पात्रे, संवाद आणि शैली हे चार ॲरिस्टॉटलने शोकांतिकेत पाहिलेल्या गोष्टींचेच वंशज. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला चढवावा तसा नाटकाचा सांगाडा कादंबरीला चढवला गेला, आणि तो कुठे आखूड पडतो हे पाहायचे राहून गेले.

मराठीत नाटक आणि कादंबरी यांचा हा शेजार तर आरंभापासूनचा. आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रा. भि. गुंजीकरांचे 'मोचनगड' 1871 चे. लगेच 1872 मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा निबंध आला, तो नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांविषयी, दोघांवर एकत्रच. वि. का. राजवाडे यांनी 1902 च्या 'कादंबरी' या निबंधात हा शेजार सोडला आणि युरोपातल्या थोर कादंबरीकारांच्या मापाने मराठी कादंबरी तोलली. ना. सी. फडके यांनी 1931 च्या 'प्रतिभासाधना'त पुन्हा तंत्राकडे मोहरा वळवला: गुंतागुंत, उत्कंठा, कळस, उकल. हा शब्दसंग्रह पुन्हा रंगभूमीच्या जवळचा. पुढे फडके आणि कादंबरीकार वि. स. खांडेकर यांच्यात वाद पेटला, कला कलेसाठी की जीवनासाठी, आणि त्या धगीत 'जीवनदृष्टी'चा रकाना भक्कम झाला. कादंबरी वाचून झाल्यावर बोध काय घ्यायचा, हे विचारणे रास्त वाटू लागले.

मग सदरा आखूड पडतो तो कुठे? नाटकात कोणी सांगत नसते. पात्रे बोलतात आणि आपण पाहतो. कादंबरीत मात्र पहिल्या ओळीपासून कोणीतरी सांगत असते. कादंबरीची स्वतःची म्हणावी अशी ही एकच मिळकत, आणि नाटकावरून बेतलेल्या यादीत नेमकी तिलाच जागा नाही. हडसन निवेदनाच्या पद्धती सांगतात, पण त्यांना वेगळा रकाना देत नाहीत. 1921 मध्ये पर्सी लबक यांनी 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन'मध्ये गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगितली जाते हा मुद्दा मध्यभागी आणला. 1927 मध्ये ई. एम. फॉर्स्टर यांनी केंब्रिजच्या व्याख्यानांत त्याला फारसा भाव दिला नाही. त्यांच्याकडून आपण उचलले ते सपाट (एकसुरी) आणि गोल (अनेकपदरी) पात्रांचे वर्गीकरण. साहजिकच. ते रकान्यात चपखल बसते.

निवेदनाविना विश्लेषण कसे लंगडे पडते, हे हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मध्ये पाहता येते. 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलेली ही कादंबरी यमूने सांगितलेले आत्मचरित्र आहे. रकान्यांच्या हिशेबाने यमू सोशिक, प्रेमळ, बुद्धिमान. शंकरमामंजी ढोंगी आणि दुष्ट, म्हणजे सपाट. शैलीच्या रकान्यात एक दोष: पाल्हाळ. आता हेच निवेदनाच्या बाजूने पाहा. सांगणारी यमू सगळे भोगून झालेली आहे आणि सांगितली जाणारी यमू लहान आहे. या दोघी एक नव्हेत. लहानीला जे साधे वाटते त्याचा शेवट मोठीला ठाऊक आहे. ती थांबते, वळसे घेते, क्षुल्लक गोष्टीपाशी रेंगाळते, कारण पुढचे सांगणे तिला जड जाते. ज्याला आपण शैलीच्या रकान्यात दोष म्हणून नोंदवले, तोच स्वभावाच्या रकान्यातला सर्वांत मोठा पुरावा आहे. शंकरमामंजी सपाट का दिसतो, याचेही उत्तर इथेच आहे. केशवपनाचा बळी ठरलेल्या बाईने त्याला गोल का पाहावे?

उलट बाजूचे उदाहरण खांडेकरांची 'ययाति', 1959 ची. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघे आळीपाळीने आपली कथा सांगतात. योजना थेट निवेदनावर उभारलेली. उत्तरपत्रिकेत स्वभावाखाली देवयानी अहंकारी ठरते आणि शैलीखाली भाषा काव्यात्म, सुभाषितांनी नटलेली. दोन्हींना गुण मिळतात. पण रकान्यांमधली रेघ पुसली तर अवघड प्रश्न उभा राहतो. तिघेही उपमा त्याच ढंगाने देतात, सुभाषितावर त्याच सराईतपणे येऊन थांबतात. मग ही तीन माणसे बोलत आहेत की एकच? शैलीचे कौतुक आणि पात्रांचे कौतुक इथे एकमेकांच्या विरोधात जातात, आणि वेगवेगळ्या रकान्यांत ठेवल्यामुळे त्यांची कधी गाठच पडत नाही.

1963 मध्ये भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली आणि यादीची पंचाईत झाली. कथानक सांगा म्हटले तर दोन ओळी: खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो आणि परत येतो. या मुलाचा, पांडुरंग सांगवीकरचा, स्वभाव, त्याची भाषा आणि त्याची जीवनदृष्टी वेगळी काढताच येत नाहीत; जे काही आहे ते त्याच्या सांगण्यात आहे. नेमाडे यांनीच 1980 च्या 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप' या निबंधात 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' यांपासून निघालेले तीन प्रवाह दाखवले आणि चर्चा घटकांकडून लेखकाच्या वास्तवाशी असलेल्या नात्याकडे वळवली. समीक्षा पुढे गेली. गाईडे जागीच राहिली. आणि हे केवळ इथेच घडले असे नाही. 1958 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात क्लिफ्टन हिलेगास यांनी सुरू केलेल्या 'क्लिफ्स नोट्स'मधूनही सारांश, पात्रे आणि आशयसूत्र हाच ऐवज पिढ्यान्‌पिढ्या विकला गेला. तपासायला सोपे तेच टिकते.

म्हणून रकाने मोडीत काढा असे नाही. प्रत्येक रकान्यामागे कधीतरी एक खरा वाद होता: कृती मोठी की माणूस, फॉल्स्टाफ भित्रा की नाही, कादंबरी शिकवता येते की नाही, कला कशासाठी. वाद विझले, मथळे उरले. अभिजात कादंबरी हाती घेताना निवेदन हा सातवा रकाना जोडून भागणार नाही. तोही चार ओळींच्या टिपेत संपेल. त्याऐवजी दोन रकाने समोरासमोर उभे करावेत. हे पात्र असे आहे हे मला कोणी सांगितले, कोणत्या भाषेत, आणि त्याचा किंवा तिचा त्यात काय डाव आहे? हा प्रश्न नाटकाकडून उसना आणावा लागत नाही. तो कादंबरीचा घरचा आहे.